पऱ्ह्याच्या बांधीतली माती

ब्रह्मपुरीहून वडशाकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की जांभूळबोडी लागते. मे महिन्यात तिथं गेलात तर भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक साठीचा माणूस घमेलं नि कुदळ घेऊन लोकांच्या शेतांतून फिरताना दिसेल. शेतं त्याची नाहीत आणि कामाची मजुरीही त्याला कोणी देत नाही. तो माती गोळा करतो. पोरं त्याला तोंडावर 'माती मुखरू' म्हणतात आणि तो ऐकून घेतो. पूर्वीचा मुखरू दोनाडकर असता तर एकेकाचे कान पिरगाळले असते.

एखादा शेतकरी त्याला सांगतो, "भाऊ, त्या कोपऱ्यातली नका घेऊ, तिथी काई पिकत नाई." की मुखरू नेमका त्याच कोपऱ्याकडे निघतो. "मले थेच माती पायजे," म्हणतो आणि कुदळ घालतो. लोक हसतात. म्हाताऱ्याला चळ लागला म्हणतात. चळबीळ काही नाही. त्याला जे लागलं आहे ते वेगळंच आहे, आणि ते गावात मोजून तीन माणसांना ठाऊक आहे, त्यांतला एक मी.

पूर्वीच्या मुखरूचा थाट काय सांगावा! चार एकर धानाची शेती, पण मिजास चाळीस एकरांची. माती म्हटली की या पंचक्रोशीत त्याचंच नाव निघायचं. काळी कन्हार माती कुठं संपते, मोरांड कुठं सुरू होते, हे तो अनवाणी चालत डोळे मिटून सांगायचा. ढेकूळ फोडून नाकाशी धरायचा, चिमूट जिभेवर ठेवायचा, मग थुंकून निकाल द्यायचा. "यंदा हिले शेणखत पायजे." "हिच्यात पाणी ठरत नाई, हलका धान टाक." लोक ऐकायचे आणि बहुतेक वेळा त्याचं खरंही व्हायचं. त्याची बायको मनकर्णा म्हणायची, "हा माणूस भाजीत मीठ कमी हाय का जास्त थे सांगत नाई, पण माती चाखून बरोबर सांगते." असं लोकांसमोर म्हणताना तिची मान जरा ताठच असायची.

अशा माणसाच्या दारी सात वर्षांमागे एका मे महिन्यात चंचल मॅडम आल्या. त्या कृषी सहायक, नोकरीला लागून वर्ष झालेलं, आणि अंगावर बारा गावं. हातात मोबाइल, मोबाइलवर गावाचा नकाशा, नकाशावर चौकोन. एकेका चौकोनातून मातीचा एकेक नमुना न्यायचा, तो प्रयोगशाळेत जाणार, आणि मग शेतकऱ्यांना जमिनीच्या तब्येतीचं कार्ड मिळणार. त्यांनी मुखरूला सगळं नीट समजावलं. आडवंतिडवं चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्ही-सारखा खड्डा घ्या, धुऱ्यालगतची, म्हणजे बांधालगतची नको, खताच्या ढिगाखालची नको, झाडाखालची नको. सगळी एकत्र करा, चार वाटे करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो राहिली की या कापडी पिशवीत भरा. हेही सांगितलं की चौकोनात अकरा जणांची जमीन आहे.

"तुमी कायले उन्हात मरता मॅडम," मुखरू म्हणाला. "चहा घ्या. मी सांजवेरी पिशवी आणून देतो. मातीतलं मले नका शिकवू."

मॅडमना अजून दोन गावं करायची होती. गावातला मातीचा जाणता माणूस स्वतःहून म्हणतो आहे म्हटल्यावर त्या पिशवी देऊन गेल्या.

मुखरूनं मग काय केलं? अकरा जणांच्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या तुकड्यांतून, वणवण करणं त्याला हास्यास्पद वाटलं. तो सरळ आपल्या पऱ्ह्याच्या बांधीत गेला. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. रोवणीआधी ती जिथं वाढवतात त्या तुकड्याला घरचं सगळं उत्तम खत पडतं. शेण, राख, कोंबड्यांची विष्ठा, वर्षानुवर्षं. तिथली माती म्हणजे नुसता काळा शिरा. तिथं त्यानं एक खड्डा केला आणि पिशवी भरली. यात फसवायचं वगैरे त्याच्या मनातही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. सरकारचे पाहुणे आपल्या गावची माती पाहायला मागतात, तर त्यांना उसवलेली गोधडी दाखवायची की नवी सतरंजी अंथरायची? मुलगी दाखवायची असली तर आपण तिला शेणाच्या हातानं पुढं आणत नाही. मुखरूनं मातीच्या बाबतीत तेवढंच केलं. मनकर्णा म्हणाली, "आपली इज्जत राखली तुमी," आणि दोघंही समाधानानं जेवली.

कार्डं दिवाळीनंतर आली. ग्रामपंचायतीत वाटप झालं. जांभूळबोडीच्या त्या चौकोनाची माती तालुक्यात उजवी निघाली, म्हणून मुखरूला नारळ नि शाल मिळाली. छाती फुगवून तो बाकावर बसला होता. तेवढ्यात बायनाबाई कार्ड घेऊन त्याच्याकडे आली.

बायनाबाई ही त्याच्या शेताखालची शेतकरीण. तिचा नवरा लच्छू दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि दीड एकराची बांधी ती एकटीच सांभाळत होती. तिची माती खर्डी, पांढुरकी, जरा हट्टी. पण बायनाबाईचा हात असा की गावात रोवणीची पहिली मूठ तिच्याच हातची लागायची. कोणाच्याही शेतात रोवणी सुरू व्हायची म्हणजे आधी तिला बोलावणं. ती चिखलात उतरणार, पऱ्ह्याची पहिली मूठ लावणार, मग बाकीच्या बाया वाकणार. तिनं लावलं की पीक लागतं, अशी सगळ्यांची खात्री. विधवा झाल्यावरही कोणी तिला बाजूला केलं नाही, एवढा त्या हाताचा मान.

"मुखरूभाऊ, पायजा बरं," ती हरखून म्हणाली. "माया जमिनीत सगळं भरपूर हाय मनतेत. जस्त बी पुरेसं लिहलं हाय."

मुखरूनं तिचं कार्ड पाहिलं, मग आपलं पाहिलं. आकडा न् आकडा सारखा. बाजूला आणखी एक शेतकरी बिरजू बसला होता, त्याचंही तेच. तेव्हा कुठं त्याला चौकोनाचा अर्थ लागला. त्याच्या पऱ्ह्याची मूठभर माती अकरा जणांच्या नावावर चढली होती. तो बाकावरून अर्धवट उठला. पण खांद्यावर शाल होती.

"बेस हाय," तो म्हणाला.

इथंच त्यानं तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसलो नसतो.

पुढच्या जूनमध्ये बायनाबाई पुन्हा त्याच्या अंगणात आली. लच्छू दर तीन वर्षांनी चिखलणीच्या वेळी बांधीत जस्ताची भुकटी टाकायचा. कोणत्या तरी दुकानदारानं कधीकाळी सांगितलं होतं आणि त्यानं ते व्रतासारखं धरलं होतं. यंदा ते वर्ष होतं. "टाकू का भाऊ? कार्डावर तं पुरेसं हाय मनते. तुमी सांगान तसं करतो."

टाक म्हणायला किती वेळ लागतो? पण टाक म्हटलं की ती विचारणार, मग कार्ड खोटं का? आणि कार्ड खोटं तर ते खोटं कोणी केलं? मुखरू खुरप्याची मूठ चाचपत बसला.

"सरकारनं तपासून लिहून देल्लं हाय ना," तो म्हणाला. "मंग कायले टाकतेस?"

बायनाबाईनं मान डोलावली आणि गेली. भाऊनं सांगितलं म्हणजे संपलं.

रोवणी होऊन वीस-बावीस दिवस झाले आणि तिच्या धानाच्या पानांवर गंजासारखे तांबूस डाग पडले. रोपं वाढेनात, बुंध्याशी बसून राहिली. दुकानातून कोणी करप्याचं औषध दिलं, तिनं फवारलं, उपयोग शून्य. चंचल मॅडम पाहायला आल्या. धुऱ्यावर चार माणसं जमली, त्यांत मुखरूही होता. मॅडमनी पान हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"मला तर हे जस्त कमी पडल्यासारखं दिसतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बायनाबाईचं कार्ड मागितलं, पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण यावर तर पुरेसं आहे. मग दुसरंच काहीतरी असेल."

मुखरू त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता. वर त्याच्या बांधीत हिरवागार धान डोलत होता. खाली बायनाबाई गुडघाभर चिखलात उभी राहून एकदा मॅडमकडे नि एकदा त्याच्याकडे पाहत होती, कारण मातीतलं त्यालाच कळतं. त्यानं ढेकूळ उचललं, हुंगलं आणि टाकून दिलं.

"पाण्याचा दोष असन," तो म्हणाला.

त्या साली तिच्या बांधीत निम्मं पीक झालं. पुढच्या साली त्याहून कमी. आता बायनाबाईचा तिढा असा, की जमिनीत दोष नाही हे तर सरकारी कागदावर छापलेलं. बियाणं सगळ्यांचं तेच. पाणी त्याच बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं. मग उरलं काय? तिचा हात उरला. गावात हे कोणी तिला तोंडावर बोललं नाही, गावं असं तोंडावर बोलत नाहीत. फक्त रोवणीची बोलावणी येईनाशी झाली.

मुखरूच्या शेतातल्या रोवणीची गोष्ट. सकाळी मनकर्णा सुपात हळदकुंकू घेऊन निघाली आणि सहज म्हणाली, "यंदा पहिली मूठ सुकरीच्या हातानं लावतो. बायनाबाईचा हात आता पयल्यासारखा नाई राह्यला." मुखरू बैलाचं जू बांधत होता. तो बांधतच राहिला. रोवणाऱ्या बायांपैकी सुकरीनं मूठ लावली. बायनाबाईही रोवायला आली होती, बायांच्या रांगेत अगदी शेवटी.  दिवसभर खाली वाकून रोवत राहिली आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आधी घरी गेली.

हळूहळू तिनंच आपला हात आखडता घेतला. शेजारच्या पोरीला पेरू द्यायचा असला तर हातावर ठेवायची नाही, खाली पायरीवर ठेवायची, "घे माय" म्हणायची. मुलगा प्रफुल माजरीच्या कोळसा खाणीवर डंपर चालवायचा. त्याला मुलगी झाली, करिश्मा. तिचं उष्टावण गावी झालं. पहिला घास आजीनं द्यायचा, तसं सगळ्यांचं ठरलेलं. बायनाबाई खिरीची वाटी सुनेच्या आईपुढं ठेवून चुलीकडे निघून गेली. मंडळी हसली, म्हणाली, आजी लाजली. मुखरू पंगतीत बसला होता. त्याला चांगलं कळलं की आजी लाजली नाही. त्यानं खीर खाल्ली, दुसऱ्यांदा मागूनही घेतली, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

त्या रात्रीपासून म्हणे त्याची झोप उडाली. मला ते फारसं खरं वाटत नाही. माणूस आपल्या चुकीवरसुद्धा बरेच दिवस गाढ झोपू शकतो. त्याची झोप उडाली ती पुढच्या हिवाळ्यात, बिरजूनं पानठेल्यावर बातमी सांगितली तेव्हा. प्रफुल आईच्या मागे लागला होता, बांधीची माती वीटभट्टीला देऊन टाकू. "जमीन वांझ झाली आई. विटाले तरी कामी येईन." त्याचंही चूक नव्हतं. दोन वर्षं आई झुरताना तो पाहत होता.

मुखरू घरी आला, कुदळ घमेलं घेतलं आणि कोणाला न सांगता बायनाबाईच्या बांधीत उतरला. धान निघून गेलेलं, नुसते खुंट उरलेले. त्या दिवशी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मॅडमनी सांगितल्याबरहुकूम माती घेतली. आडवंतिडवं चालत दहा जागा. वरचा काडीकचरा बाजूला सारून वीतभर खोल, व्ही-सारखा खड्डा, कडेची पातळ खाप. धुरा सोडून, झाड सोडून. सगळी घमेल्यात कालवली, कापडावर पसरली, चार वाटे केले, समोरासमोरचे दोन टाकले. पुन्हा चार, पुन्हा दोन टाकले. जिभेवर मात्र ठेवली नाही. अर्धा किलो उरली ती पिशवीत भरली आणि चिठ्ठीवर नाव लिहिलं, बायनाबाई लच्छू सहारे.

त्याच पावली त्यानं तिच्या घरी जायला हवं होतं. तो गेला नाही. त्याचा हिशेब असा होता की नवा कागद येऊ द्यावा. कागद आला की तो तिला दाखवायचा, म्हणायचं, "पाय बायनाबाई, नवीन तपासणीत हे निघालं." म्हणजे तिची बांधीही वाचेल आणि जुनं काही उकरावंही लागणार नाही. आपली अब्रू झाकून दुसऱ्याचं भलं करायला निघालेला माणूस नेहमी असाच उशीर करतो. मॅडमच्या हाती पिशवी देऊन तो वाट पाहत बसला.

कागद होळीनंतर आला. मॅडमनी ब्रह्मपुरीला कार्यालयात त्याच्या हाती दिला. "जस्त फारच कमी आहे हो. बाकी सगळं छान. जस्ताची एक पिशवी टाकली की संपलं. पण मुखरूभाऊ, मागच्या कार्डात असं कसं आलं होतं?"

"मले काय माहीत," मुखरू म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

जीपमधून उतरून तो शेताच्या वाटेनंच निघाला. लांबूनच त्याला ट्रॅक्टर दिसले. बायनाबाईची बांधी जागेवर नव्हती. धुरे तेवढे उभे होते आणि मधे गुडघाभर खोल खड्डा. खाली तांबडा मुरूम उघडा पडला होता. मशीन शेवटच्या कोपऱ्यात काम करत होतं. लच्छूच्या बापानं, लच्छूनं, बायनाबाईनं दोन पिढ्या नांगरलेली ती वीत-दोन वीत खर्डी माती चार दिवसांत भट्टीवर गेली होती. मुखरूनं हातातला कागद पुन्हा वाचला. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं आणि ज्या जमिनीबद्दल लिहिलं होतं ती जमीन नव्हती.

तिथून परत फिरला असता तरी कोणाला कळलं नसतं. एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे की या वेळी तो फिरला नाही.

बायनाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. पहाटे वेचून आणलेली फुलं फाटक्या चटईवर पसरलेली, त्यांचा गोड आंबूस वास सुटलेला. मुखरू भिंतीला टेकून उकिडवा बसला आणि बोलायला लागला. पऱ्ह्याच्या बांधीपासून सुरुवात केली. पिशवी, चौकोन, अकरा कार्डं, शाल. जूनमधलं "कायले टाकतेस". धुऱ्यावरचं "पाण्याचा दोष". आत्ता मॅडमला सांगितलेलं खोटंसुद्धा त्यानं ठेवून घेतलं नाही.  बायनाबाई फुलं उलटवतच राहिली.  त्याला वाटलं होतं ती शिव्या देईल, चुलीतलं लाकूड घेऊन अंगावर येईल. त्याला ते हवंच होतं.

"बांधी गेली, बायनाबाई," तो शेवटी म्हणाला. "माया एकट्यापायी गेली. मले माफ नको करू."

ती चटईच्या टोकाशी येऊन थांबली होती. तिनं विचारलं, "म्हंजे जस्त नोहतं, म्हून धान बसला?"

"हो."

"माया हाताचा काई दोष नोहता?"

"नाई बाई. तुया हाताचा काईच दोष नोहता."

"मंग मी करिश्माले पयला घास काऊन नाई देल्ला, भाऊ?"

 दर मे महिन्यात तपासणीच्या पिशव्या भरायला दुसऱ्यांच्या शेतातले वाईट कोपरे उकरत मुखरू जे शोधत फिरतो, ते बहुधा याचंच उत्तर असावं. बांधी गेली म्हणून एकदा रडता येतं. पण त्या पोरीचं उष्टावण काही पुन्हा होणार नव्हतं.

तो उठायला लागला तशी बायनाबाई म्हणाली, "थांबा. उन्हातून आले तुमी, पाणी पिऊन जाजा." ती आत गेली, तांब्या भरून घेऊन आली. मुखरूनं दोन्ही हात पुढं केले. ती त्याच्यासमोर क्षणभर उभी राहिली, आणि मग सवयीनं वाकून तिनं तांब्या खाली जमिनीवर ठेवला.